जळगावहून न्यूयॉर्क: वाट किती, वेळ किती

जळगावचा माणूस अमेरिकेला निघाला, की आधी अमेरिकेपासून लांब जातो. रात्रीच्या गाडीत बसायचं, चाळीसगाव, मनमाड, नाशिक मागे टाकत कसाऱ्याचा घाट उतरायचा आणि पहाटे मुंबई गाठायची. रेल्वेच्या हिशेबाने हे ४२० किलोमीटर. मुंबई विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचं सरळ हवाई अंतर साधारण १२,५३० किलोमीटर आहे. जळगावला कुसुंब्याजवळ जो विमानतळ आहे तिथपासून तेच अंतर काढलं, तर ते १२,४७० च्या आसपास येतं. म्हणजे रात्रभराचा प्रवास करून, बॅगा सांभाळत, आपण न्यूयॉर्कपासून साठेक किलोमीटर आणखी दूर पोचलेलो असतो.

भिंतीवरचा नकाशा पाहिला तर हे पटणार नाही. अमेरिका पश्चिमेला, मुंबईही जळगावच्या पश्चिमेला. मग मुंबई अमेरिकेला जवळ असायला नको का? गोम अशी, की न्यूयॉर्कची जवळची वाट पश्चिमेला जातच नाही. ती उत्तरेला जाते. जळगावच्या विमानतळावर उभं राहून न्यूयॉर्कच्या दिशेला तोंड करायचं असेल, तर चोपडा आणि यावल यांच्या मधून सातपुड्याकडे पाहावं लागेल. अचूक सांगायचं, तर ही दिशा थेट उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम पंचवीस अंश कललेली आहे. मुंबई या वाटेवर नाहीच, ती दक्षिणेला मागे राहते.

याची खात्री करायला शाळेतला पृथ्वीगोल आणि हातभर दोरा पुरतो. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो. कच्छच्या किनाऱ्यावरून सिंधमध्ये शिरतो, क्वेट्टाच्या बाजूने अफगाणिस्तानात शिरतो, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून जातो. पुढे नॉर्वे. मग आइसलंडच्या अलीकडे तो सर्वांत उत्तरेच्या बिंदूला, म्हणजे जवळजवळ ६५ अंश अक्षांशावर पोचतो, तिथून खाली वळतो आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक घासून कॅनडाच्या लॅब्रॅडॉरवरून न्यूयॉर्कला उतरतो. मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरं या बिंदूच्या कितीतरी दक्षिणेला, पण त्यांच्यामधली सर्वांत जवळची वाट बर्फाच्या प्रदेशातून जाते.

आता हेच भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून करा. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली जी पद्धत काढली, त्या पद्धतीच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा अरबस्तान आणि उत्तर आफ्रिका ओलांडून अटलांटिकमध्ये उतरते. त्या वाटेने गेलं तर अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर. दोऱ्याच्या वाटेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त. मर्केटरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची सुई एकाच अंशावर धरून जहाज हाकलं, तर ती वाट नकाशावर सरळ दिसावी, ही त्याची गरज होती. अंतराचं त्याने काही वचन दिलं नव्हतं. आपणच त्या नकाशावरून अंतराचे अंदाज बांधतो.

दोरा ज्या वाटेने जातो तिला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या पोटातून, बरोबर मध्यबिंदूतून आरपार एक काप घेतला, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. सगळी रेखावृत्तं जोडीजोडीने बृहद्वृत्तं आहेत. बाकीची अक्षवृत्तं मात्र नाहीत. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून संगणक आपल्याला जो आकडा दाखवतो, तो याच वर्तुळाच्या तुकड्याची लांबी असते. त्यासाठी फक्त दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश लागतात. बाकी सगळी त्रिकोणमिती.

जवळच्या ठिकाणांसाठी तर तीही लागत नाही, कागद-पेन्सिल पुरे. जळगाव विमानतळ २०.९६ अंश उत्तर, ७५.६३ अंश पूर्व. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशातला फरक १.८७ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर अंतर सुमारे २०८ किलोमीटर. रेखांशातला फरक २.७६ अंश, पण रेखावृत्तं ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, म्हणून आपल्या अक्षांशावर एका अंशाला १११ नाही, साधारण १०४ ते १०५ किलोमीटर धरायचे. ते झाले २८९. आता पायथागोरस: दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर ३५६ किलोमीटर. आठवीच्या मुलाला जमेल असा हिशेब, आणि उत्तर संगणकाच्या उत्तराच्या एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे. याच रीतीने जळगाव-पुणे ३२० च्या आत येतं, जळगाव-हैदराबाद ५१० च्या आसपास, आणि गोव्याचं मोपा सहाशेच्या थोडं पुढे.

अंतर असं पक्कं निघतं. वेळेचं तसं नाही.

३५६ किलोमीटर. जळगावच्या धावपट्टीवर जी एटीआर ७२ जातीची विमानं येतात, ती पंख्याची. दोन इंजिनं, सत्तरेक आसनं आणि वरच्या पट्ट्यात तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग. भागाकार केला तर पाऊण तासाच्या आत मुंबई यायला हवी. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास लिहिलेलं असतं. वरचा अर्धा तास कुठे जातो?

विमान कंपनीचं घड्याळ विमान हवेत उठलं की सुरू होत नाही. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागचं हललं, की ते सुरू होतं आणि दुसऱ्या गावी पुन्हा ठोकळे लागले की थांबतं. यात धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं आलं. उड्डाणानंतरची चढण आली, तिच्यात विमान पूर्ण वेगात नसतं. उतरण्याआधी वेग कमी करत घेतलेली वळणं आली. आणि मुंबई आली. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी मनसोक्त विमानं उतरवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी वर घिरट्या घालत थांबावं लागतं. कंपनी हे सगळं आधीच धरून वेळ छापते. लवकर पोचलं तर प्रवासी खूश, उशीर झाला तर तो छापील वेळेत जिरतो. यात लबाडी आहे असं कुणी म्हणेल. मला ती व्यवहाराची शहाणी सवय वाटते.

म्हणूनच प्रवास जितका आखूड, तितकी त्यातली प्रत्यक्ष उडण्याची वाटणी कमी. न्यूयॉर्कच्या सोळा तासांत अर्धा तास इकडेतिकडे झाला तर कळतही नाही. जळगाव-मुंबईत तो अर्धा तास जवळजवळ निम्मा हिस्सा होतो. त्यात घरापासून कुसुंबा, तिथे तासभर आधी हजेरी, मुंबईत उतरल्यावर बॅगेची वाट आणि मग अंधेरीची वाहतूक धरली, तर साडेतीन-चार तास सहज जातात. गाडीला सात तास लागतात, पण ते झोपेचे सात तास असतात. विमानाचे चार तास जागेपणी मोजावे लागतात. खान्देशातल्या व्यापाऱ्याला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. दिवसाचं काम आटोपून त्याच रात्री घरी यायचं असेल तर त्याला विमान हवं, नाहीतर रात्रीची गाडी बरी.

हाच हिशेब धुळ्यापर्यंत ताणला तर मजेशीर होतो. जळगाव विमानतळापासून धुळ्याचा गोंदूरचा विमानतळ नव्वदएक किलोमीटर. एटीआरचा पूर्ण वेग धरला तर अकरा मिनिटं. पण तेवढ्यात विमान पूर्ण उंचीवरही पोचणार नाही, म्हणून असं विमान कुणी सुरू करणार नाही, आणि करूही नये. उलट रेल्वेने जळगावहून धुळ्याला जायचं म्हटलं, तर आधी चाळीसगाव गाठायचं आणि तिथून धुळ्याची फाट्याची गाडी पकडायची. असे मिळून दीडशे किलोमीटर. एसटी किंवा स्वतःची गाडी, बास.

जळगावचा विमानतळ तसा जुना. १९७३ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने तो बांधला. पुढे नगरपालिका, मग महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी असा हात बदलत गेला. २००९ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार झाला, आणि मार्च २०१२ मध्ये जिल्ह्याच्याच कन्या, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. प्रवासी विमानाला मात्र आणखी पाच वर्षं लागली. ‘उडान’ योजनेतून डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं छोटं बीचक्राफ्ट मुंबईसाठी सुरू झालं. ते टिकलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. एप्रिल २०२४ पासून फ्लाय ९१ ची विमानं गोवा आणि हैदराबादला जाऊ लागली, नंतर पुण्यालाही.

जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटर लांबीची. एअरबस ए-३२० सारख्या मोठ्या जेटला पूर्ण भरून उडायला बहुधा याहून लांब धावपट्टी लागते, म्हणून इथे पंख्याची विमानं. आणि पंख्याची विमानं म्हणजे कमी वेग. दोन गावांमधला वेळ असा धावपट्टीच्या लांबीवरही ठरतो, हे तिकीट काढताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

त्यावर खान्देशचं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. तापलेली हवा फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी हवा मावते. विमानाचा पंख हवेवर तरंगतो, पंखा हवाच मागे ढकलतो, आणि इंजिन हवाच ओढून इंधन जाळतं. तिघांनाही खुराक कमी. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे, पण पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तिथल्या हवेची घनता साडेतेराशे मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी उतरते. साडेतेराशे मीटर म्हणजे महाबळेश्वरची उंची. तेव्हा मे महिन्यात, भर दुपारी, विमानाच्या लेखी जळगाव महाबळेश्वरला पोचलेलं असतं, फक्त थंडी नसते. अशा हवेत चाकं जमिनीवरून सुटायला जास्त धाव लागते. धावपट्टी तर लांबत नाही, मग वजन कमी करावं लागतं: एखाद-दोन प्रवासी, थोडं सामान किंवा थोडं इंधन. उन्हाळ्यात सकाळची वेळ विमानाला मानवते ती यासाठीही.

लांबच्या प्रवासात ऊन मागे पडतं आणि वारा पुढे येतो. जेट विमानं दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातात. त्या उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात असा एक पट्टा उत्तर भारतावरून जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे १९२० च्या दशकात मोजले होते, पण त्यांनी तो अहवाल छापला एस्परांतो या कृत्रिम भाषेत. जगभर सगळ्यांनी वाचावा हा हेतू. झालं उलटंच, फारसा कुणी वाचला नाही. पावसाळ्यात दक्षिण भारतावर याच्या उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो. तो दाखवून दिला आपल्या पी. कोटेश्वरम यांनी, १९५० च्या दशकात.

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात आणि येताना चौदा-साडेचौदा, ते या पश्चिमेच्या वाऱ्यामुळे. अंतर तेच, विमान तेच. फेब्रुवारी २०२० मध्ये तर एका वादळाच्या पाठीवर बसून ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग तासाला तेराशे किलोमीटरच्या पुढे गेला होता. ते विमान आवाजाच्या वेगाने उडालं असं नव्हे. ते त्याच्या नेहमीच्याच वेगाने हवेत चाललं होतं, पण हवाच धावत होती.

वाऱ्याचा हा हिशेब कधीकधी अंतरावर मात करतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट १५,३०० किलोमीटर झाली, म्हणजे चौदाशेने वाढली. पण वारा पाठीशी आल्यामुळे वेळ उलट कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला उत्तर ध्रुवाच्या वाटेने विमान आणलं, तेव्हा तो दोऱ्याचाच मार्ग होता. बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, त्यामुळे दोरा ताणला की तो थेट ध्रुवाकडे पळतो.

पण दोऱ्याला देशांच्या सीमा कळत नाहीत, विमानाला पाळाव्या लागतात. मुंबई-न्यूयॉर्कच्या जवळच्या वाटेवर सिंध आणि क्वेट्टा आहेत हे वर आलंच. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यापर्यंत. २४ एप्रिल २०२५ ला ते भारतीय कंपन्यांसाठी पुन्हा बंद झालं. मुंबईच्या विमानांना याचा त्रास त्यामानाने कमी, ती अरबी समुद्रावरून वळून जातात. दिल्लीकरांचं जास्त अडलं. सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन विमान थांबवलं, त्याच्या कारणांत बंद आकाश हे एक होतं. त्यापुढे रशिया: २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना तिथून जाता येत नाही. एकाच गावाहून एकाच गावाला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळांत तासाभराचा फरक दिसला, तर त्यामागे विमानापेक्षा परराष्ट्र खातं असण्याची शक्यता धरावी.

तिकिटावरच्या वेळांनी होणारा घोळ वेगळाच. मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीडला निघालेलं विमान न्यूयॉर्कला सकाळी सातला पोचतं असं लिहिलेलं असतं, आणि घरचे म्हणतात, साडेपाच तासांत अमेरिका! दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. थंडीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. साडेपाचात साडेदहा मिळवले की सोळा तास झाले. येताना तेवढेच वजा करायचे. आपल्याकडे सबंध देशाला एकच घड्याळ असल्यामुळे ही सवय नाही. नाहीतर सूर्य जळगावला उगवल्यावर धुळ्याला उगवायला तीन मिनिटं घेतोच.

धुळ्याचं नाव निघालं आहे तर गोंदूरला थोडं थांबू. तिथून प्रवासी विमान सुटत नाही, पण वैमानिक तयार होतात. १९२८ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण गोंदूरला चालत आलं आहे. शिरपूरजवळ तांडे इथे वैमानिकांची आणखी एक अकादमी आहे. व्यावसायिक परवान्यासाठी विद्यार्थ्याला दोनशे तास उडावं लागतं, आणि त्यात किमान तीनशे सागरी मैलांचा एक लांब पल्ला, वाटेत दुसऱ्या दोन विमानतळांवर उतरून, एकट्याच्या जबाबदारीवर करावा लागतो. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक भाग. त्यामुळे वैमानिकाला नकाशाच्या कडेच्या अंशांवरूनच अंतर मोजता येतं, वेगळी मोजपट्टी लागत नाही.

या विद्यार्थ्याला अंतर आणि वेळ यांचा हिशेब उड्डाणाआधी कागदावर करून दाखवावा लागतो. समजा धुळ्याहून जळगावच्या माथ्यावर जाऊन परत यायचं आहे: एका बाजूचं अंतर ४९ सागरी मैल, विमानाचा हवेतला वेग तासाला शंभर सागरी मैल, आणि मे महिन्यातला पश्चिमेचा वारा वीस. जाताना वारा पाठीवर, वेग एकशेवीस, वेळ साडेचोवीस मिनिटं. येताना वारा तोंडावर, वेग ऐंशी, वेळ जवळजवळ सदतीस मिनिटं. मिळून एकसष्ट. वारा नसता तर जाऊन-येऊन एकोणसाठ लागली असती. नवखे विद्यार्थी इथे अडखळतात: जाताना वीस मिळाले, येताना वीस गेले, मग फिटंफाट का नाही? कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून त्या वीसाचा तोटा जास्त मिनिटं सोसावा लागतो. तेव्हा टाकीत इंधन भरायचं ते एकोणसाठ मिनिटांचं नाही, एकसष्टचं, आणि वर राखीव.